‘लग्नगडी’ : शब्द गेला, व्यवहार राहिला

(म्हसा, ता. मुरबाड येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. म्हसोबा खांबलिंगेश्वराच्या दर्शनाइतकीच ही यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. जनावरांच्या बाजाराची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. बैलाचे दात पाहायचे, चाल पाहायची, खांदा पाहायचा आणि मग रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून किंमत ठरवायची. या सौद्यात लपविली जाते ती फक्त किंमत. बैल विकला गेला ही गोष्ट कोणी लपवीत नाही. याच मुलखात, सह्याद्रीच्या याच पायथ्याशी, माणसाच्या श्रमाचाही एक सौदा पिढ्यान्‌पिढ्या होत आला. तो उघड्या बाजारात कधी झाला नाही. तो लग्नाच्या मांडवाआड झाला, आणि त्यात सापडलेल्या माणसाला ‘लग्नगडी’ असे नाव पडले. आजचा विषय हा शब्द, त्याची उत्पत्ती आणि त्याच्या अस्तानंतर मागे उरलेला व्यवहार हा आहे.

शब्दांची चर्चा हे भाषापंडितांचे काम, चळवळीने भाकरीचे पाहावे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो रास्त नाही. समाजातील वर्गांना जी नावे पडतात, ती कोण कोणाला देतो, आणि पुढे त्या नावांचे काय होते, यावर त्या समाजातील सत्तेचा ठसा असतो. युरोपातले उदाहरण पाहावे. प्राचीन रोममध्ये मालमत्तेनुसार नागरिकांची गणना होई. ज्याच्यापाशी नोंद करण्याजोगी मालमत्ताच नाही, ज्याने राज्याला द्यायची ती आपली संतती, अशा तळाच्या नागरिकाला ‘प्रोलेतारिउस’ म्हणत. ‘प्रोलेस’ म्हणजे संतती, त्यावरून हे नाव. मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८ च्या जाहीरनाम्यात हाच शब्द उचलला आणि आधुनिक कारखान्यातील कामगाराच्या हातात तो ध्वजासारखा दिला. तुच्छतेचा शब्द अभिमानाचा झाला. पण त्याच जर्मन भाषेत बैठकीच्या बोलण्यात त्याचे ‘प्रोलेट’ झाले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘प्रोल’ असे आणखी आखूड रूप रूढ झाले. आज जर्मनीत कोणाला ‘प्रोल’ म्हटले तर त्याचा अर्थ कष्टकरी असा होत नाही. अडाणी, आरडाओरडा करणारा, अभिरुचिहीन मनुष्य असा होतो. मालमत्ता नसणे ही आर्थिक अवस्था होती, तिचे रूपांतर स्वभावदोषात झाले.

उलट्या दिशेचेही एक उदाहरण त्या भाषेत आहे, आणि ते पक्षकार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. जपानमधील बौद्ध भिक्षूला लावला जाणारा शब्द पोर्तुगीज आणि फ्रेंच भाषांतून फिरत जर्मनमध्ये ‘बोन्झ’ म्हणून आला. तेथील कामगारांनी तो आपल्याच पक्षातल्या आणि युनियनमधल्या, खुर्चीला चिकटलेल्या, पोट सुटलेल्या पुढाऱ्यांना लावला. म्हणजे वरच्यांनी खालच्यांना नावे ठेवावीत तशी खालचेही वरच्यांना ठेवतात. फरक एवढाच की वरच्यांनी दिलेले नाव सरकारी दप्तरात चढते, खालच्यांनी दिलेले चहाच्या टपरीवर राहते.

मराठी भाषा या बाबतीत दरिद्री नाही. ‘पांढरपेशा’ हा शब्द आज सुशिक्षित नोकरदाराला सहज लावला जातो. कोकणच्या काही भागांत तो एकेकाळी महसुली संज्ञा होता. जे स्वतः नांगर धरीत नाहीत, ज्यांना शेतीसाठी मजूर लावावे लागतात, अशा उच्चवर्णीय खातेदारांना तेथे कुणब्यापेक्षा कमी दराने सारा लागे. जो राबतो त्याने अधिक भरावे, जो राबत नाही त्याला सूट, हे या शब्दाचे मूळ अर्थशास्त्र होय. ‘वेठबिगार’ या जोडशब्दाचे दोन तुकडे पाहावेत. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टी’पासून आला आणि ‘बिगार’ फारसीतून आला. दोहोंचा अर्थ एकच, मोबदल्यावाचून सक्तीने करून घेतलेले काम. राज्यकर्ते बदलले, दरबारची भाषा बदलली, आणि सक्ती तीच राहिल्यामुळे जुन्या शब्दाला नवा शब्द येऊन चिकटला. आज शहरातल्या बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या मजुराला ‘बिगारी’ म्हणतात. त्याला मजुरी मिळते, तरी नाव फुकट राबणाऱ्याचेच राहिले. या डोंगरपट्ट्यातील ‘कातकरी’ हे नावही खैराचा कात काढण्याच्या धंद्यावरून पडलेले आहे. खैराचे जंगल गेले, काताचा धंदा गेला. नाव तेवढे उरले.

आता ‘गडी’. मराठीतील मोठा विलक्षण शब्द. ‘गडी’ म्हणजे पुरुष, ‘बाईमाणूस’च्या जोडीला ‘गडीमाणूस’. ‘गडी’ म्हणजे खेळातला भिडू, त्यावरून ‘खेळगडी’ आणि ‘सवंगडी’. ‘गड्या’ ही मित्राला मारलेली हाक. आणि ‘गडी’ म्हणजे घरातला किंवा शेतावरचा नोकर, ‘घरगडी’. एकाच शब्दात बरोबरीचे नाते आहे आणि चाकरीचेही आहे. अंगणात गडी म्हणून एकत्र खेळलेल्या दोन मुलांपैकी एक मोठेपणी मालक होतो आणि दुसरा त्याचा गडी होतो. शब्द तोच राहतो आणि दोघांमधले अंतर तो झाकून टाकतो.

या ‘गडी’ला जी उपपदे लागतात ती लक्षपूर्वक पाहिली पाहिजेत. ‘सालगडी’ म्हणजे सालभरासाठी ठेवलेला शेतनोकर. त्याचा करार गुढीपाडव्याला होतो आणि पुढच्या पाडव्याला संपतो. तो करार न्याय्य असतो असे नव्हे. पण त्या नावातच मुदत आहे. ‘साल’ हा शब्द कामाचा काळ सांगतो. ‘लग्नगडी’तील ‘लग्न’ मात्र काळ सांगत नाही, फक्त कारण सांगते. गडीपणा कोठे सुरू झाला हे त्या नावावरून कळते, तो कोठे संपतो हे कळत नाही. प्रत्यक्षातही तो बहुधा मरणानेच संपे, आणि पुष्कळदा मरणानेही संपत नसे. बापाचे कर्ज मुलाच्या अंगावर येई.

रोमचा प्रोलेतारिउस आणि ठाणे जिल्ह्यातील लग्नगडी यांची नावे एकाच ठिकाणाहून निघालेली आहेत, हे येथे दिसून येते. एकाला नाव पडले संततीवरून, दुसऱ्याला लग्नावरून. ज्याच्याजवळ जमीन नाही, गुरे नाहीत, दप्तरात नाव नाही, त्याची ओळख समाजाने त्याच्या संसारावरून ठरविली. फरक मात्र मोठा आहे. रोमन नागरिकाला मुले होती म्हणून तो गणनेत तरी आला. येथील वारली, कातकरी, ठाकूर तरुणाने संसार मांडावा असे मनात आणले आणि तेवढ्यावरून त्याचे स्वातंत्र्य गहाण पडले.

हे घडे कसे? आदिवासींच्या उधळेपणामुळे, त्यांच्या दारूमुळे, त्यांच्या अज्ञानामुळे, असे उत्तर सावकार देत आला आणि अनेक भल्या पांढरपेशांनीही ते खरे मानले. अर्थशास्त्राच्या कसोटीवर हे उत्तर टिकत नाही. आदिवासींमध्ये वरपक्षाने वधूच्या बापाला देज देण्याची चाल होती. जातीला भात घालावा लागे, कपडे आणावे लागत, दारू पाजावी लागे. ही चाल जुनी आहे. लग्ने पूर्वीही होत. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लग्नासाठी रोकड लागू लागली ती का?

त्याचे एक कारण १८७८ या सालात सापडते. त्या वर्षी दोन कायदे झाले. हिंदुस्थानच्या वनकायद्याने जंगल राखीव करण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. जेथून लाकूड, पाला, कंदमुळे आणि चार पैशांचा माल मिळे ते रान परक्याचे झाले. त्याच वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती दारू गाळणे गुन्हा ठरविले. पुढे १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला, आणि आदिवासीने आपल्याच दारातली मोहाची फुले गोळा करून साठविण्यावर बंधन आले. लग्नात जी दारू घरच्या मोहाची, घरच्या मडक्यात गाळलेली असे, ती आता मक्तेदाराच्या दुकानातून रोख पैशाने आणावी लागू लागली. विधी तोच राहिला, त्याचा खर्च मात्र नाण्यात मोजला जाऊ लागला. याच काळात जमिनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर चढत होत्या. म्हणजे उत्पन्नाचे साधन गेले आणि रोकडीची गरज वाढली. या दोहोंच्या फटीत सावकार उभा होता. उधळेपणाची कथा ही त्याने आपल्या वहीला घातलेली खोळ होय.

आता त्या वहीचे गणित पाहू. समजण्यापुरते आकडे घ्यावेत. समजा, एका तरुणाने लग्नासाठी १०० रुपये घेतले. व्याज रुपयाला वर्षाला चार आणे, म्हणजे सालाचे २५ रुपये. वर्षभर तो राबला. पोटाला दिलेले भात, लंगोटी, घोंगडी हे सर्व वजा करून मालकाने त्याच्या खाती मजुरीचे २० रुपये जमा लिहिले. वर्षअखेर कर्ज १०५ रुपये झाले. दुसऱ्या वर्षाचे व्याज २६ रुपये चार आणे, जमा पुन्हा २० रुपये, बाकी १११ रुपये चार आणे. मनुष्य जितकी वर्षे काम करील तितके त्याचे कर्ज वाढत जाईल. यात फसवणूक करण्याचीही गरज नाही. मजुरीचा दर आणि व्याजाचा दर हे दोन्ही एकाच माणसाने ठरवावेत, एवढेच पुरते. वर खोटी नोंद आणि कोऱ्या कागदावरचा अंगठा असला तर तो मालकाचा निव्वळ नफा. बाजारात सावकार वेगळा आणि मजूर लावणारा वेगळा असता, तर गड्याला एकाविरुद्ध दुसरा उभा करता आला असता. कर्जबाजार आणि श्रमबाजार एकाच ओसरीवर भरतो तेव्हा सौद्याला दुसरी बाजूच उरत नाही. अमित भादुरी यांनी १९७३ साली बंगालच्या बटाईदारासंबंधी लिहिताना जमीनमालक आणि सावकार एकच असण्याचा जो परिणाम सैद्धान्तिक भाषेत मांडला, तो ठाणे जिल्ह्यातील गडी आपल्या अंगावर केव्हाच वाचून बसला होता.

आणखी एक गोष्ट या शब्दाने झाकली. ‘लग्नगडी’ हा पुरुषवाचक शब्द आहे. कर्ज त्याच्या नावाने, गडीपणा त्याच्या नावाने. परंतु लग्न झाले याचा अर्थ मालकाला एकाऐवजी दोन माणसे मिळाली. तिने शेण काढावे, पाणी भरावे, भात सडावे, लावणीत वाकावे. तिच्या कामाला वहीत रकाना नव्हता आणि भाषेत नाव नव्हते. तिच्या अब्रूवरही मालकाचा हक्क चाले, हे गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात निर्भीडपणे नोंदविले आहे. प्रोलेतारिउस असो की लग्नगडी, नाव ज्या संसारावरून पडले त्या संसाराचा अर्धा भार उचलणारी स्त्री दोन्ही शब्दांत कोठेही नाही.

ही स्थिती कोणालाच ठाऊक नव्हती असे नाही. १९३७ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, त्यानंतर डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने आदिवासी आणि डोंगरी जमातींच्या स्थितीची पाहणी केली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी माणसे गुलामासारखी राबतात हे त्याच्या अहवालात स्पष्टपणे आले. सरकारला कळले, पण सरकारला कळणे आणि गडी सुटणे या दोन गोष्टींमध्ये चळवळ उभी राहावी लागते.

या तालुक्याच्या इतिहासात त्या चळवळीचा एक धागा सिद्धगडावर आहे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे हुतात्मा झाले. भाई कोतवालांचे स्मरण आझाद दस्त्यासाठी होते, पाडलेल्या विजेच्या मनोऱ्यांसाठी होते, आणि ते योग्यच आहे. पण त्याआधी त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या, ही गोष्ट भाषणांतून सहसा वगळली जाते. पावसाळ्यात घरातले भात संपते, तेव्हा सावकाराच्या दारी जावे लागते, एक मण घेऊन सुगीला दीड मण घालावे लागते. हे दार बंद करायचे तर गावाची स्वतःची कोठी हवी, हा त्यामागील विचार होता. पारतंत्र्य म्हणजे केवळ गोऱ्या साहेबाचे राज्य नव्हे, आषाढ-श्रावणातली रिकामी कणगी हेही पारतंत्र्यच आहे, हे ज्याला कळले होते तो माणूस या मातीत पडला.

दुसरा धागा लाल बावट्याचा आहे, आणि समाजवाद्यांनी तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथांविरुद्ध तेथे रणशिंग फुंकले. त्यानंतर पाड्यापाड्यांतून गडी मालकाचा वाडा सोडून बाहेर पडले. कर्ज फेडून ते सुटले नाहीत. फिटण्यासारखे कर्ज मुळी ते नव्हतेच. आम्ही उद्यापासून येणार नाही, एवढे त्यांनी सांगितले आणि शेजारचा गडीही तेच सांगतो आहे हे पाहिले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी त्यात हुतात्मा झाले. लग्नगडी ही संस्था तेथे मोडली ती कायद्याने नव्हे. कायदा यायला आणखी तीस वर्षे होती.

स्वतंत्र भारताच्या घटनेने २३ व्या कलमात माणसांचा व्यापार आणि सक्तीची मजुरी यांना मनाई केली. त्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हा शब्द तसाच ठेवावा लागला, कारण या देशात जे चालते त्याला साहेबाच्या भाषेत नेमका शब्दच नव्हता. प्रत्यक्ष कायदा मात्र ऑक्टोबर १९७५ च्या वटहुकुमाने आणि १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने आला. आणीबाणीत आला, वीस कलमी कार्यक्रमाच्या ढोलताशांत आला. ज्या सरकारने समाजवादी कार्यकर्ते तुरुंगात डांबले त्याच सरकारने तो केला. म्हणून कायदा वाईट ठरत नाही. वेठीचे सर्व बंधन त्याने रद्द केले, त्यापोटीचे कर्ज नाहीसे केले, कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर टाकली, आणि जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समित्या नेमण्याचे बंधन घातले.

या कायद्याच्या व्याख्येत देशभरातील वेठबिगारीच्या प्रथांची सुमारे तीस स्थानिक नावे दिली आहेत. दक्षिण गुजरातचा ‘हाली’ त्यात आहे, बिहारचा ‘कमिया’ आहे, तमिळ मुलखातील ‘पन्नैयाळ’ आहे. ‘लग्नगडी’ त्यात नाही. नाव नसल्यामुळे ही प्रथा कायद्याबाहेर राहत नाही, कारण व्याख्या नावावर अवलंबून नाही. उचल घेतल्यामुळे माणूस हवे तेथे काम करण्याचे, हवे तेथे जाण्याचे किंवा बाजारभावाने मजुरी घेण्याचे स्वातंत्र्य गमावीत असेल, तर ती वेठबिगारीच होय. तरीही नाव नसल्याचा परिणाम व्यवहारात होतो. कचेरीतला कारकून नावानेच गोष्ट ओळखतो. छापील फॉर्मात जे नाही ते जिल्ह्यात नाही, अशी त्याची श्रद्धा असते.

शेजारच्या गुजरातेत हालींच्या दुबळा जातीला गांधीवादी कार्यकर्त्यांनी ‘हळपती’, म्हणजे नांगराचा धनी, असे सन्मानाचे नाव दिले. हेतू उदात्त होता. पण नांगर, बैल आणि जमीन तिघेही दुसऱ्याचेच राहिले. नाव बदलल्याने वर्ग बदलत नाही, हा त्यातला धडा आहे. आणि नाव विसरल्यानेही तो बदलत नाही, हा ठाणे जिल्ह्याचा धडा आहे.

कारण ‘लग्नगडी’ हा शब्द आता म्हाताऱ्यांच्या तोंडी उरला आहे. तरुण कातकऱ्याला विचारले तर तो ‘उचल’ म्हणतो, ‘बयाणा’ म्हणतो. भात झोडून झाले, दिवाळी आली की मुरबाड-शहापूरच्या वाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पैसे बहुधा त्याआधीच पावसाळ्यात घेतलेले असतात, कधी आजारपणासाठी, कधी खावटीसाठी, आणि पुष्कळदा लग्नासाठीच. हंगामाच्या शेवटी हिशेब भट्टीवाल्याच्या वहीतून निघतो. बाकी उरली तर पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागते. काम मिळते ते जोडीला. एकट्या माणसाला सहसा कोणी घेत नाही, कारण चिखल तुडवायला आणि विटा पाडायला दोघे लागतात. मराठवाड्यातील ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा मजूर हा ‘अर्धा कोयता’. उचल मिळते ती कोयत्यावर. पूर्ण कोयता व्हायचे म्हणून पोरवयात लग्ने उरकली जातात, हे तेथील कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आहेत. पूर्वी लग्न करायचे म्हणून गडी व्हावे लागे. आता गडी म्हणून काम मिळावे यासाठी लग्न करावे लागते. शब्दाचे दोन्ही तुकडे शिल्लक आहेत, त्यांचा क्रम तेवढा उलटला आहे.

२०२२ साली नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोडी रक्कम आणि एखादे मेंढरू यांच्या बदल्यात मेंढ्या राखण्यासाठी दिली गेल्याचे एका मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा होऊन तेव्हा ४६ वर्षे झाली होती. या प्रथेला तर नावही नव्हते.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, आणि तो मूर्खपणाचा म्हणून उडवून देता येणार नाही. उचल ही दोघांच्या संमतीने होते. बँक या माणसांना दारात उभी करीत नाही, भट्टीवाला निदान अडीनडीला पैसे देतो. उचल बंद केली तर आधी चूल बंद होईल. यातील शेवटचे वाक्य खरे आहे, आणि म्हणूनच केवळ सुटकेचे दाखले वाटून चळवळीचे काम संपत नाही. पण संमतीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच निकालात काढला आहे. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी असे ठरविले की भूक आणि दारिद्र्य यांची सक्ती ही सक्तीच होय, आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हे २३ व्या कलमाचा भंग होय. उपाशी माणसाची संमती ही त्याच्या भुकेची सही असते, त्याची स्वतःची नसते.

मग उपाय कोणता? तो नवा शोधण्याची गरज नाही. भाई कोतवालांनी दाखविलेली कोठी हाच उपाय, फक्त राज्याच्या प्रमाणावर. महाराष्ट्राने तो अर्धामुर्धा केलाही. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली रोजगार हमी १९७९ पासून कायद्याने अमलात आली. मागेल त्याला काम हे तत्त्व म्हणजे सावकाराच्या ओसरीवरून उठून जाण्याचा हक्क होता. आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना आली. २०२० साली करोनाच्या संकटात ४,००० रुपयांचे खावटी अनुदान जाहीर झाले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूप. या सर्व योजनांचा दोष त्यांच्या तत्त्वात नाही, वेळेत आहे. सावकाराचा पैसा ज्या दिवशी मागितला त्या दिवशी मिळतो. सरकारचे काम उन्हाळ्यात निघते, त्याची मजुरी पावसाळ्यात येते, आणि खावटी पोचेपर्यंत बयाणा घेऊन झालेला असतो. आषाढात घरात भात आणि हाताला काम असेल तर दिवाळीत भट्टीवर जाणारा मजूर दर विचारून जाईल. नसेल तर तो दर ऐकून जाईल. स्वातंत्र्याचे मोजमाप एवढ्या साध्या गोष्टीत आहे.

कार्यकर्त्यांनी करावयाचे कामही तितकेच साधे आहे. दसऱ्यानंतर वाड्या ओस पडू लागतात, त्याच्या आधी प्रत्येक कुटुंबाला तीन प्रश्न विचारावेत. उचल किती घेतली? हिशेब कोणाच्या वहीत आहे, आणि त्याची नक्कल घरात आहे काय? मध्येच काम सोडून दुसरीकडे जाता येईल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्या घरात लग्नगडी राहतो असे समजावे, मग तो स्वतःला काही म्हणो. ही उत्तरे नवरा आणि बायको या दोघांच्या नावाने लिहून दक्षता समितीपुढे ठेवावीत. समिती कागदावरच असेल तर प्रांताच्या कचेरीत जाऊन ती बसवून घ्यावी. तक्रारीत ‘उचल’ असा सौम्य शब्द न लिहिता ‘वेठबिगारी’ असा कायद्याचा शब्द लिहावा, आणि कंसात ‘लग्नगडी’ असे जुने नावही लिहावे. ज्या नावाने बापजाद्यांना बांधले, त्या नावाने आज गुन्हा नोंदविता येतो.

जर्मनीत कष्टकऱ्याचे नाव एकदा ध्वजावर चढले आणि पुन्हा शिवीत उतरले, कारण ते नाव सांभाळणारी संघटना सैल झाली. मराठीत ‘गडी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. चाकराचा अर्थ मालकाने चालू ठेवला. सवंगड्याचा अर्थ चालू ठेवणे हे चळवळीचे काम आहे, आणि त्याची सुरुवात या दिवाळीपूर्वी जवळच्या वाडीवर करता येण्यासारखी आहे.